एका ओळीत दोनदा 'क्लोज'

रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये पंप क्रमांक २ पुढे एवढीच नोंद होती : 'ब्रेकर क्लोज. वॉल क्लोज. ग्लँड गळती ओपन.' (ब्रेकर म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, वॉल म्हणजे पाइपातला व्हॉल्व्ह, ग्लँड म्हणजे शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून दोरी भरून आवळलेली जागा.) सकाळी साडेसातला फिटरकाकांनी ती वाचली आणि नट खोलायचे पाने घेऊन पंपाकडे गेले. नऊ वाजायच्या आत तो पंप आपोआप सुरू झाला. कपलिंगवरचा गार्ड काढून बाजूला ठेवलेला होता, ग्लँडचे नट सैल केलेले होते आणि काका नव्या ग्लँड दोरीचा तुकडा आणायला स्टोअरमध्ये गेले होते. हेल्पर पोरगा फडकं घेऊन जवळच उभा होता. त्याने धावत जाऊन पॅनेलवरचं लाल बटण दाबलं. कुणालाही साधं खरचटलं नाही.

पाचच मिनिटं आधी काकांनी त्याच शाफ्टला हात घालून तो फिरतो का ते पाहिलं होतं.

चौकशीत मीही होतो, आणि केवळ चौकशी करणारा म्हणून नव्हतो. त्या पॅनेलवर चिकटवलेलं मराठी सूचनापत्रक मी तयार केलं होतं. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं, माझ्या वाट्याच्या चुकीसह, सविस्तर लिहितो आहे.

नोंद कुणी लिहिली, कुणी वाचली

रात्री पंप २ ची ग्लँड गळत होती. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन आणि ऑपरेटर यांनी नट आवळून पंप चालवून पाहिला, गळती थांबली नाही. मग त्यांनी पंप थांबवला, पाणी वाहत राहू नये म्हणून सक्शन (पाणी आत येण्याची बाजू) आणि डिस्चार्ज (बाहेर जाण्याची बाजू) दोन्हीकडचे वॉल बंद केले. (व्हॉल्व्हला पंपघरात सगळे वॉलच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) ब्रेकर मात्र मुद्दाम चालू ठेवला. पंप १ ला काही झालं तर गळता का होईना, पण पंप २ हाताशी असावा, हा त्यामागचा विचार. तो विचार योग्यच होता. मग इलेक्ट्रिशियनने त्याच्या शिक्षणाप्रमाणे अचूक शब्द लिहिला : ब्रेकर क्लोज. म्हणजे ब्रेकरचे आतले संपर्क मिटलेले आहेत, सप्लाय पुढे जातो आहे.

फिटरकाकांची सगळी हयात पाइप, फ्लँज आणि वॉल यांच्यात गेलेली. त्यांच्या लेखी क्लोज म्हणजे वाट मिटली, पुढे काही जात नाही. ब्रेकर क्लोज, म्हणजे वीज अडली. वॉल क्लोज, म्हणजे पाणी अडलं. गळतीचं काम ओपन, म्हणजे बाकी आहे. त्यांनी मला सांगितलं, "साहेब, काम करायला याच्याहून चांगली ओळ कुठली? दोन्ही बंद आणि काम माझ्यासाठी ठेवलेलं."

सकाळच्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे सगळ्या पंपांचे सिलेक्टर 'ऑटो'वर आणले. टाकीची पातळी उतरत गेली, एकटा पंप १ पुरेना, तेव्हा पातळीच्या स्विचने दुसऱ्या पंपाला हुकूम दिला. पंपाने तो पाळला.

पाळी बदलताना प्रत्यक्ष बोलणं झालं नव्हतं. ब्रेकरला कुलूप लावून त्यावर पाटी अडकवायचा नियम होता, पण 'दोरी बदलायची आहे, अर्ध्या तासाचं काम' म्हणून तो पाळला गेला नाही. या दोन्ही गोष्टी अहवालात आल्या आणि यायलाच हव्या होत्या. कुलूप असतं तर शब्दाचा अर्थ कुणी काहीही लावला असता तरी पंप फिरला नसता, हे मला पूर्ण मान्य आहे. तरी माझं मन त्या ओळीपाशी अडकून राहिलं. तिच्यात 'क्लोज' दोनदा येतो, लिहिणाऱ्याने दोन्ही वेळा बरोबर वापरला आहे, आणि पहिल्या क्लोजमुळे वीज पुढे जाते तर दुसऱ्यामुळे पाणी पुढे जात नाही. शिवाय 'ओपन'चा संबंध ना विजेशी, ना पाण्याशी. तो कामाच्या नोंदीचा तिसराच अर्थ.

दार आणि पूल

इंग्रजीत हे उलटं का झालं, याचं कारण साधं आहे. पाइपातल्या वॉलचं काम दाराचं असतं. दार उघडलं की वाट मोकळी, दार मिटलं की वाट बंद. विजेच्या स्विचचं काम मात्र उचलता येणाऱ्या पुलासारखं असतं. पूल वर उचलला, म्हणजे उघडला, की मध्ये फट पडते आणि रस्ता तुटतो. पूल खाली येऊन मिटला की रस्ता जोडला जातो. जुन्या काळच्या चाकू-स्विचमध्ये हे डोळ्यांनी दिसायचं. तांब्याचं पातं उचललं की हवेत फट, पातं खोबणीत बसवलं की जोडणी. आजही उघड्यावरच्या आयसोलेटरची (लाइन तोडायच्या मोठ्या स्विचची) पाती लांबून बघून लाइनमन सांगतो की लाइन तुटलेली आहे की नाही.

सर्किट हा शब्दच मुळात गोल फिरून येण्याचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भोवती जाणं. वीज निघाली तिथे परत यायला हवी, वर्तुळ पूर्ण व्हायला हवं. गळ्यातल्या साखळीचा फासा लागला की साखळी मिटते आणि गळ्यात राहते, निसटला की ती उघडते. 'सर्किट क्लोज' मधला क्लोज हा असा साखळी मिटण्याचा आहे, दार मिटण्याचा नाही. मल्टिमीटरची दोन टोकं तारेच्या दोन बाजूंना लावा. तार अखंड असेल तर मीटर वाजतो, ते क्लोज. तार तुटली असेल तर तो गप्प राहतो, ते ओपन. पाण्याच्या भाषेत नेमकं याच्या उलट बोलावं लागेल.

हे एकदा कळलं की इंग्रजी वेडगळ वाटत नाही. पण कळायला हवं, आणि आपल्याला ते कुणी सांगत नाही. शाळेत आपण पाठ करतो ओपन म्हणजे उघडणे, क्लोज म्हणजे बंद करणे. एका शब्दासमोर एक अर्थ, की पुढचा शब्द.

मराठीतही हा प्रकार आहे, आणि तिथे आपण एकदाही अडखळत नाही. 'दार लाव' म्हटलं की आपण दार मिटतो. 'मोटर लाव' म्हटलं की मोटर सुरू करतो. दिवा लावतो, पंखा लावतो, खिडकी लावतो. एकच 'लाव', कधी थांबवणारा, कधी सुरू करणारा. चार वर्षांचं पोरही 'दिवा लाव' ऐकून दिवा विझवत नाही, कारण त्याने 'लावणे' हा शब्द सुटा कधी शिकलेलाच नसतो, दारासोबत आणि दिव्यासोबत शिकलेला असतो. इंग्रजी क्लोज आपण सुटा शिकतो. मग तो ज्या वस्तूला पहिल्यांदा चिकटतो, तिचाच अर्थ घेऊन सगळीकडे हिंडतो. काकांचा क्लोज वॉलला चिकटला होता, इलेक्ट्रिशियनचा संपर्कांना.

माझं पत्रक

मूळ इंग्रजी सूचनापत्रकात पंप सुरू करण्याचा क्रम होता : ब्रेकर क्लोज करा, डिस्चार्ज वॉल क्लोज असल्याची खात्री करा, पंप सुरू करा, मग वॉल हळूहळू ओपन करा. सेंट्रिफ्यूगल पंप असा डिस्चार्ज मिटून सुरू करण्याची रीत आहे, सुरुवातीला मोटरवर भार कमी येतो. मी शब्दाला शब्द ठेवला. पत्रकावर छापलं गेलं : 'ब्रेकर बंद करा. डिस्चार्ज वॉल बंद असल्याची खात्री करा. पंप सुरू करा.'

ब्रेकर बंद करून पंप सुरू करा! मराठीत 'ब्रेकर बंद' म्हणजे सप्लाय नाही, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसते. विजेच्या बाबतीत आपल्या भाषेने इंग्रजीचं ओपन-क्लोज कधी घेतलंच नाही. आपण चालू आणि बंद म्हणतो. चालू-बंद हे परिणामाचे शब्द आहेत, वस्तूच्या ठेवणीचे नाहीत. क्लोजचं 'बंद' केलं आणि अर्थ नेमका उलटा झाला.

तेच वाक्य दोन वर्षं भिंतीवर होतं आणि पंप रोज व्यवस्थित सुरू होत होता. ज्यांना काम येत होतं ते पत्रक वाचत नव्हते, आणि वाचलं तरी डोळे वाक्य आपोआप दुरुस्त करून घेत होते. एका ऑपरेटरने सांगितलं, "आम्हाला वाटलं पुस्तकी मराठी असेल." मला हे फार लागलं. चुकीची सूचना निरुपद्रवी वाटते ती जाणत्या माणसांमुळे. धोका असतो तो नव्या माणसाला, आणि पत्रक त्याच्यासाठीच असतं.

थांबवण्याच्या क्रमात आणखी एक खोच निघाली. तिथे इंग्रजीत 'ब्रेकर ओपन' होतं, त्याचं मी 'ब्रेकर उघडा' केलं होतं. हे ब्रेकरचं वर्णन आहे की करायची आज्ञा? उघडा डबा, तसा उघडा ब्रेकर? की 'दार उघडा' म्हणतो तसं ब्रेकर उघडा? इंग्रजी 'ओपन'मध्येही हीच जोडगोळी आहे, शब्द वर्णनही करतो आणि हुकूमही देतो. एका नव्या मुलाने 'ब्रेकर उघडा'चा तिसराच अर्थ सांगितला, ब्रेकरचं झाकण खोला. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

झालं आहे की करायला सांगितलं आहे

वर्णन आणि हुकूम यांच्यातली ही फट केवळ व्याकरणाची नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं थ्री माइल आयलंड. २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमारास तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीत पाण्याचा पुरवठा खंडित झाला, दाब वाढला आणि दाब सोडणारा वॉल आपोआप उघडला. दाब उतरल्यावर त्याने मिटायला हवं होतं, पण तो उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा मात्र विझला. चालकांनी अर्थ घेतला, वॉल क्लोज झाला. खरं तर तो दिवा वॉलची स्थिती दाखवतच नव्हता. वॉल चालवणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या चुंबकी गुंडाळीला) वीज मिळते आहे की नाही, एवढंच तो दाखवत होता. वीज काढली, म्हणजे मिटायला सांगितलं. मिटला की नाही, हे दिव्याला माहीत नव्हतं. दोन तासांहून अधिक वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने जात राहिलं, आणि शेवटी गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

त्याच पहाटे उलट प्रकारची चूकही समोर आली. आपत्कालीन पाणीपुरवठ्याचे दोन वॉल उघडे असायला हवे होते, ते मिटलेले निघाले. सुमारे आठ मिनिटांनी ते कुणाच्या तरी लक्षात आलं. पॅनेलवरचा एक दर्शक दिवा देखभालीच्या पाटीखाली झाकला गेला होता.

आमच्या पंपघराची त्याच्याशी तुलना करण्याचा माझा इरादा नाही. प्रश्न मात्र एकच आहे. रजिस्टरमध्ये 'वॉल क्लोज' लिहिलं तर लिहिणाऱ्याने स्वतः चाक फिरवून पाहिलं, की कुणाला सांगून ठेवलं? चौकशीत हा प्रश्न विचारला तेव्हा कळलं की सक्शनचा वॉल ऑपरेटरने बंद केला होता आणि इलेक्ट्रिशियनने त्याच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. तो बंद होताच. पण ओळीवरून ते कळायला मार्ग नव्हता.

पॅनेलसमोर उभं राहून

मी एक दुपार त्या पॅनेलसमोर काढली आणि ओपन-क्लोजची सगळी रूपं टिपत गेलो. ब्रेकरच्या दांड्याजवळ उभी रेघ आणि गोल कोरलेले असतात. रेघ म्हणजे एक, चालू. गोल म्हणजे शून्य, बंद. तीन पावलांवरच्या वॉलच्या चाकावर बाण होता आणि बाणापाशी तसाच गोल. तो मात्र 'ओपन'चं पहिलं अक्षर. एका गोलाकडे दांडा नेला तर वीज थांबते, दुसऱ्या गोलाच्या दिशेने चाक फिरवलं तर पाणी सुटतं.

दिव्यांचे रंग पाहिले. पंप सुरू करायचं बटण हिरवं, थांबवायचं लाल. पण पंप चालू असल्याचा दिवा लाल आणि थांबल्याचा हिरवा. विजेच्या पॅनेलमध्ये लाल म्हणजे जिवंत, सावध राहा, अशी जुनी पद्धत आहे. हिरवं दाबलं की लाल लागतो. वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्याला याचं काही वाटत नाही.

पॅनेलमधल्या कंट्रोल वायरिंगच्या चित्रात आणि पंपाला सील-पाणी देणाऱ्या छोट्या सोलेनॉइड वॉलच्या लेबलवर तीच दोन अक्षरं होती : एनसी, नॉर्मली क्लोज्ड. चित्रातला एनसी संपर्क म्हणजे कुणी हात लावला नाही तर करंट जातोच. 'थांबा' बटणाचा संपर्क असाच असतो, म्हणून त्याची तार तुटली तरी पंप थांबतो, बेफाम चालत राहत नाही. वॉलवरचं एनसी म्हणजे वीज नसेल तर पाणी जात नाही. पहिल्यात विश्रांतीच्या वेळी प्रवाह सुरू, दुसऱ्यात विश्रांतीच्या वेळी प्रवाह थांबलेला. दोन्हींचं नाव एक. चुकून एनसीऐवजी एनओचा (नॉर्मली ओपन) वॉल बसवला गेला तर काय होईल, असं मी तिथल्या पोरांना विचारलं. बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. विचार करण्यासारखीच गोष्ट होती.

गणितात तर हे शब्द परस्परविरोधीही नाहीत. टोपॉलॉजीत एखादा संच एकाच वेळी ओपन आणि क्लोज्ड असू शकतो, किंवा दोन्हीपैकी काहीच नसू शकतो. ओपन नाही म्हणजे क्लोज, हा हिशेब दारापुरता खरा.

शब्द बदलले, ते कसे

पहिला मसुदा मी एकट्याने केला आणि तो फसला. ब्रेकरसाठी मी 'वीज तोडली / वीज जोडली' सुचवलं. काका लगेच म्हणाले, "वीज तोडली म्हणजे बिल भरलं नाही म्हणून कनेक्शन कापलं." खरंच, मराठीत 'वीज तोडणे' याला तोच वास आहे. मग मी उलट प्रश्न विचारायला लागलो. तुम्ही तोंडाने काय म्हणता? इलेक्ट्रिशियन एकमेकांत 'सप्लाय दिला' आणि 'सप्लाय काढला' म्हणत होते. ऑपरेटर 'पाणी सोडलं' आणि 'पाणी अडवलं' म्हणत होते. शब्द तिथे होतेच, फक्त रजिस्टर लिहायला बसलं की सगळे इंग्रजीकडे वळत होते, कारण लिहिण्याची भाषा तीच, असं सगळ्यांच्या मनात बसलेलं होतं.

इलेक्ट्रिशियनचा एक आक्षेप मात्र रास्त होता. सर्किटची चित्रं, रिलेची पुस्तकं, ब्रेकरवरची खूण, सगळीकडे ओपन-क्लोजच आहे. ते शब्द काढून टाकले तर उद्या नवा मुलगा चित्र वाचणार कसा? म्हणून ते शब्द काढले नाहीत. चित्रात ते तसेच राहिले, आणि शिकवताना दार आणि पूल शेजारी शेजारी ठेवून शिकवायचं ठरलं. रजिस्टरमध्ये आणि तोंडी निरोपात मात्र वस्तू कशी ठेवली आहे ते न लिहिता पुढे काय जातं आहे किंवा काय अडलं आहे ते लिहायचं. कामासाठी 'ओपन' नाही, 'काम बाकी'. आज्ञा असेल तर 'करायचा आहे', झालं असेल तर 'केला, मी पाहिला' किंवा 'अमुकाने केला'. 'उघडा' हा सुटा शब्द पत्रकातून पूर्णपणे गेला.

नवं पत्रक लावण्याआधी ते पंपघर न पाहिलेल्या दोघांना वाचायला दिलं. प्रत्येक ओळीनंतर त्यांना दोनच प्रश्न : आता वीज पुढे जाईल का, आता पाणी पुढे जाईल का? सील-पाण्याच्या ओळीवर दोघेही थबकले, तेव्हा ती पुन्हा लिहिली. जुन्या पत्रकाला ही परीक्षा कधीच दिली नव्हती. दिली असती तर पहिल्याच ओळीला ते नापास झालं असतं.

काकांना 'पाणी अडवलं' अजून पूर्ण पटलेलं नाही. वॉल जुना असेल तर तो शेवटपर्यंत फिरवूनही थेंब थेंब पाणी जातं, मग अडवलं कसं म्हणायचं? त्यामुळे ते त्या शब्दापुढे स्वतःच्या हाताने 'थेंब येतोय' किंवा 'कोरडं' असं लिहितात. आता इतर फिटरही लिहायला लागलेत.

परवा पंप २ चं बेअरिंग काढायचं होतं. रजिस्टरमधली रात्रीची नोंद अशी होती : 'सप्लाय काढला, मी पाहिला. ब्रेकरला कुलूप माझं, चावी माझ्या खिशात, मी आठपर्यंत इथेच आहे. सक्शन, डिस्चार्ज दोन्हीकडे पाणी अडवलं, सक्शनला थेंब येतोय. काम बाकी.' खाली काकांनी सकाळी लिहिलं होतं : 'वाचलं. माझंही कुलूप लावलं.'